पिवळ्या डोक्याचा धोबी

सदर बाजार, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२५

अक्काताई मगदूम यांना मेहमुदा शिकलगारचा सलाम आणि जय जिनेंद्र. दोन्ही लिहिलं आहे, कोणतं घ्यायचं ते तू ठरव.

बारा वर्षांनी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. उगाच हुरळून जाऊ नकोस, आठवण आली म्हणून लिहीत नाही. काम आहे. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू मधेच ठेवून देतेस. पत्ता हातकणंगल्याच्या तुझ्या जावेकडून मिळवला. तुझ्या मुलानं, वृषभने बेळगावात घर बांधलं, तू वरच्या मजल्यावर असतेस आणि गुडघे धरलेत, एवढं तिनं न विचारता सांगितलं.

आता काम. आपल्या शाळेतली ऐश्वर्या आठवते? चौथीत पहिल्या बाकावर बसायची आणि स्वतःचं सोडून बाकीच्यांचं शुद्धलेखन तपासायची, ती. आता इथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जिल्ह्यात हिवाळ्यात येणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांचं पुस्तक तिनं करायला घेतलंय. शिरोळच्या नदीकाठापासून आजऱ्याच्या जंगलापर्यंत, कुणी कुठला पक्षी कधी पाहिला, त्या सगळ्या जुन्या-नव्या नोंदी. मागच्या रविवारी ती घरी आली आणि आपलं हजेरीपत्रक मागितलं.

हो, ते माझ्याकडेच आहे आणि वाळवी लागू दिलेली नाही. एकोणीस हिवाळे आपण शाळा भरायच्या आधी तळ्यावर जायचो आणि शाळेतल्या उरलेल्या कॅटलॉगमध्ये मुलांच्या नावांच्या जागी पक्ष्यांची नावं लिहायचो. थापट्या बदक, क्रमांक सात. शंकर, तो निळ्या गळ्याचा छोटा पक्षी, क्रमांक एकोणीस, वर्षातून तीनच दिवस हजर, बाकी गैरहजर. नवा पक्षी दिसला की 'नवा प्रवेश', आणि प्रवेशाला दोघींची सही. ऐश्वर्या पानं उलटत म्हणाली की असं काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. उगाच लाजायची सवय मला कधीच नव्हती.

त्यात चौसष्ट क्रमांकावर पिवळ्या डोक्याचा धोबी आहे. ऑक्टोबर २०१३, पट्टणकोडोलीच्या तळ्याचा काठ. पांढरा धोबी हिवाळ्यात कुणाच्याही परसात शेपूट हलवत पळतो, त्याचं कौतुक नाही. पण पिवळ्या डोक्याचा आपल्या जिल्ह्यात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. ती पहिली नोंद माझी. जिल्ह्यात पहिली म्हणून माझ्या नावावर असलेली एवढीच.

ऐश्वर्याचा नियम असा की जुन्या नोंदीला एक तर स्वच्छ फोटो हवा, नाहीतर सोबत असलेल्या दुसऱ्या माणसाची लेखी साक्ष. माझा फोटो हललेला आहे. आणि चौसष्ट क्रमांकापुढं सही एकच आहे, ती कुणाची नाही ते तुला ठाऊक आहे. तेव्हा ३१ जानेवारीच्या आत तुझं दोन ओळींचं पत्र हवं: मी तिथे होते, मी पाहिला. बाकी नंतर स्टेजवर जे झालं त्यात मी शिरत नाही. तूही शिरू नकोस.

मेहमुदा

३० नोव्हेंबर २०२५

अक्काताई,

अठरा दिवस झाले. बेळगाव काही परदेशात नाही.

तू उत्तर देत नाहीस तर मी तुला जळवते. परवा राजाराम तलावावर सात पट्टकदंब उतरले. राखी हंस, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारे. आपण एकोणीस वर्षांत ते एकदाच पाहिले होते, तेही उडताना. काठावर हातभर लांब लेन्स लावलेली आठ-दहा पोरं उभी होती आणि सगळी भलतीकडे बघत होती. मी दुर्बीण लावल्यावर एकानं विचारलं, "मावशी, तिकडं काय हाय?" मी आधी त्याला मावशी नाही, बाई म्हणायला लावलं आणि मग दाखवले. आजऱ्याकडे काजूच्या बागेत निळ्या डोक्याचा कस्तूर आलाय. उजनी-जायकवाडी इतकं आपलं नाव होत नाही, पण या वर्षी आपला जिल्हा कुणाला हार जाणार नाही.

पोरांना लेन्स बघून गावात कुणी काही विचारत नाही. आपल्याला किती विचारलं. रस्ता जाणार म्हणून सरकारनं दोन बाया जमिनी मोजायला धाडल्यात, अशी हूल उठली होती, आणि चार माणसं काठ्या घेऊन बांधावर आली होती. तू दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणालीस, "पावणं, तुमच्या शेतात बघण्याजोगं काय न्हाय, म्हणून तर आमी पाण्याकडं बघतोय." ते परत गेले. मी मात्र स्कूटी चालू करून ठेवली होती.

ते जाऊ दे. मी तुला एक गोष्ट सांगते, ती तुला कधी कळली नाही. तेव्हा मला शिकवायला लागून तीस वर्षं झाली होती. आदर्श शिक्षक पुरस्काराला माझं नाव तीनदा वर गेलं आणि तीनदा परत आलं. मग एका धोब्याची बातमी पेपरात आली, आणि पुढच्या रविवारी तालुक्याच्या गावी पक्षीमित्रांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि फेटा. फेटा मला, मेहमुदा शिकलगारला. माझे मिस्टर निसार, जे लग्नातही हसले नव्हते, ते परस्पर येऊन पहिल्या रांगेत बसून हसत होते. आणि तू माईकवरून तीनशे माणसांत म्हणालीस, "पक्षी पांढरा धोबीच हाय. डोक्यावर देवाचा भंडारा पडलाय त्याच्या."

अख्खा हॉल हसला. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या जत्रेत हळदीचा भंडारा पोत्यांनी उधळतात, माणसं, झाडं, कुत्री सगळी पिवळी होतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढं दोन वर्षं शाळेतली पोरं मला पाठीमागून 'भंडाराबाई' म्हणायची. ते तू ऐकलं नाहीस, तू तोवर बदली मागून घेतली होतीस.

त्या दिवशी तुला स्कूटीवर मागं बसवून नेलं आणि येताना मी एकटीच निघून आले, ते तू मनात धरलं असशील. पण संध्याकाळची एसटी होती की.

ऐश्वर्याला मी म्हटलं, साक्षीचं एवढं काय, तुझ्या बाईंच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही. ती म्हणाली, "बाई, चौथीत पक्षी मोजताना मी एका चिमणीच्या म्होरं खोटी काडी मारलेली, तवा तुम्ही मला आख्खं पान परत लिवायला लावलं हुतं." घरी येऊन निसारना सांगितलं की पोरगी आगाऊ झालीय. ते म्हणाले, तुमच्या हाताखालून गेलीय. खरं सांगू, छाती भरून आली. पण नोंद तिनं धरली नाही ती नाहीच.

साक्ष पाठव.

मेहमुदा

१९ डिसेंबर २०२५

अक्काताई,

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांनंतर एक ओळ. ना तब्येत, ना सलाम, वर नाव, खाली नाव आणि मध्ये प्रश्न: शुक्रवारी तू परत तळ्यावर गेलतीस का?

कुठला शुक्रवार?

पक्षी आपण दोघींनी बुधवारी पाहिला. गुरुवारी बातमी आली. शुक्रवारी मला शाळा होती. शिवाय शुक्रवारी घरी पाहुणे होते. आणि शुक्रवारी स्कूटी गॅरेजला होती असंही मला आठवतं. मग मी कशी जाईन?

पुराव्याचंच बोलायचं तर ऐक. डोकं पिवळं, पाठ राखी, पंखांवर दोन पांढरे पट्टे. डावा पाय किंचित ओढत होता. तू म्हणालीस गळ्याखाली काळी चंद्रकोर दिसते आणि ती पिवळ्या डोक्याच्या धोब्याला नसते. मी म्हटलं ती सावली आहे. तू म्हणालीस दोन दिवस थांबून परत बघू आणि मग लिहू. मी म्हटलं दोन दिवसांत तो उडून गेला तर? इतकंच आपलं बोलणं झालं. यात शुक्रवार कुठंही येत नाही.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, उलटा प्रश्न करू नये, हे आपण मुलांना शिकवलं. तेव्हा साक्ष पाठव.

मेहमुदा

६ जानेवारी २०२६

अक्काताई,

रविवारी निसारना घेऊन नृसिंहवाडीला गेले होते. ते दर हिवाळ्यात तिथं कवठाच्या बर्फीसाठी येतात आणि मी संगमासाठी. नदी उतरलीय, वाळूचे पट्टे उघडे पडलेत. सकाळी नऊच्या सुमारास खालच्या पट्ट्यावर काळा करकोचा उभा होता. काळा करकोचा, अक्काताई. पाय लाल, चोच लाल, पोट पांढरं आणि पाठीवर उन्हात हिरवट चमक. आपण दोघींनी ज्याचं नाव कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर 'यावा अशी इच्छा' म्हणून लिहून ठेवलं होतं, तोच. पाच मिनिटं तो होता. मी निसारना हाका मारल्या. त्यांनी गाडीची काच खाली केली, बर्फीचा घास संपवला, बघितलं आणि म्हणाले, बगळा आहे. तोवर तो उडाला.

ऐश्वर्याला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, संगं कोण हुतं?" मी निसारना फोन दिला. ते खोटं बोलत नाहीत. बगळा म्हणाले.

तर पक्षी खरा, माझे डोळे खरे, आणि नोंद नाही. मला ऐश्वर्याचा राग आला नाही. तुझा आला. घाटावर उभी असताना मी "बघ, बघ" असं उजवीकडं वळून म्हटलं होतं, आणि उजवीकडं एक पुजारी अंगावर पंचा घेऊन उभा होता. बारा वर्षांत मी पुष्कळ पक्षी एकटीनं पाहिले आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की एकटीनं बघायलाच बरं, मधे कुणी बोलत नाही. रविवारी ते सांगता आलं नाही. गाडीत बसून रडले. निसारना वाटलं की बगळा म्हटलं म्हणून.

शुक्रवारी मी गेले होते.

पाहुणे नव्हते. स्कूटी गॅरेजला नव्हती. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पोट दुखतंय म्हणून. जत्रेचं मैदान झाडून झालं होतं, काठावरचे दगड पाण्यानं धुतले होते. तो त्याच जागी होता. डावा पाय ओढत होता, त्यामुळे तोच, यात शंका नव्हती. आणि डोकं पांढरं होतं. माथ्यावर राखी, गळ्याखाली काळी चंद्रकोर अगदी स्वच्छ. फक्त मानेमागं थोडं पिवळं उरलं होतं, हळद लागलेल्या नवरीच्या कानामागं उरतं तसं. मी वीस मिनिटं बघितलं. मग दुर्बीण पिशवीत घातली. सत्काराचं बोलावणं आदल्या दिवशी आलं होतं.

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी एकवेळ ठीक होतं. पण स्टेजवर कुणीतरी विचारलं, बाई, हा पक्षी आणखी कुणी पाहिला का? तेव्हा माईक मी स्वतः तुझ्या हातात दिला. म्हटलं, अक्काताईंना विचारा, त्या सोबत होत्या. मला खात्री होती की माझ्यासाठी तू हो म्हणशील. माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी नजर खाली केली, आणि मग तू खरं ते सांगितलंस.

हॉल हसला याचा मला राग आला, असं मी सगळ्यांना सांगत आले. राग त्याचा नव्हता. तू बरोबर होतीस आणि ते मला दोन दिवस आधीच माहीत होतं, याचा होता.

आणि संध्याकाळची एसटी नव्हती. रविवारी ती बंद असायची, मला माहीत होतं. तुला चौदा किलोमीटरवर सोडून आले. तू घरी कशी गेलीस ते मी तुला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तुझ्या पायाला पट्टी होती, तेही विचारलं नाही.

साक्ष पाठवू नकोस.

मेहमुदा

२३ जानेवारी २०२६

अक्काताई,

तुझं रजिस्टर पाकीट काल आलं. पोस्टमनच्या वहीत सही करून दारातच फोडलं.

आधी चिठ्ठी वाचली. अठ्ठावीस वर्षं पोरांना मराठी शिकवलीस आणि पत्र मात्र बोलतेस तसं लिहितेस. ती चिठ्ठी मी इथं उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही परत वाचता येईल.

"तंगी, पत्र मिळालं. मी बी शुक्रवारी गेलते. चिंचेच्या मागं हुते. तू बघितलंस ते मी बघितलं. वाटलं, रविवारपतूर तू सोता सांगशील. आता सांगितलंस, माझ्यापुरतं मिटलं. सोबत कागद हाय, पायजे तर लाव. पुस्तकात नाव ऱ्हाऊ दे तुझं. एका पाखरापायी लई वर्सं गेली."

तंगी. तुझ्या माहेरच्या कानडीत धाकटी बहीण. शाळेत नवी आले तेव्हा पहिल्याच दिवशी तू मला तसं म्हणालीस, आणि मला वाटलं होतं की तंगी म्हणजे चणचण, माझी तब्येत बारीक आहे म्हणून चिडवतेस.

मग कागद उघडला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहायची काही गरज नव्हती, पण तू कुठलं काम अर्धं करशील? 'मी, अक्काताई श्रीपाल मगदूम, निवृत्त शिक्षिका, लिहून देते की सदर दिवशी मी स्वतः पिवळ्या डोक्याचा धोबी स्पष्ट पाहिला.' खाली तारीख, खाली सही.

ही सही करताना तुला काय झालं असेल ते मला कळतं. आपल्या आधीच्या मुख्याध्यापकांनी तपासणीच्या दिवशी दहा गैरहजर मुलांची हजेरी लावायला सांगितली होती. सगळ्यांनी लावली. मीसुद्धा चार लावल्या, हे तुला आज पहिल्यांदा सांगते. तू खडू टेबलावर ठेवलास आणि साहेबांसमोर म्हणालीस, "वर्गात एकतीस हायत, एकतीसच लिवणार." त्यासाठी तुझी पगारवाढ वर्षभर अडली. त्या बाईनं आता हे लिहून दिलंय, आणि तेही मी कबूल केल्यानंतर.

अक्काताई, काय करून बसलीस? मी खरं सांगितलं ते तुझ्याकडून खोटं लिहून घेण्यासाठी नव्हे.

पण दुसरी बाजूही सांगते, आता लपवून काय उपयोग. कागद मी पर्समध्ये ठेवलाय. काल दिवसभरात तीनदा काढून बघितला. हा दिला की संपलं. पुस्तकात पहिलं पान, 'जिल्ह्यातली पहिली नोंद, मेहमुदा शिकलगार'. शुक्रवारचं आपल्या दोघींखेरीज कुणाला कळणार नाही. पुस्तक शंभर वर्षं राहतं. मी बासष्ट वर्षांची आहे, माझ्या नावाचं दुसरं काही राहणार नाही.

आज एवढंच. उद्या काय करेन ते मला माहीत नाही.

मेहमुदा

२ फेब्रुवारी २०२६

अक्काताई,

शनिवारी, शेवटच्या तारखेला, ऐश्वर्याच्या कॉलेजात गेले. कागद पर्समध्ये होता. तिच्या टेबलावर नोंदींच्या फायली लागल्या होत्या. माझी चौसष्ट क्रमांकाची सगळ्यात वर, तिनं वाट बघत ठेवलेली. पोरगी नियमाला पक्की, पण तिलाही वाटत होतं की ती नोंद लागावी. तिनं विचारलं, "अक्काबाईंचं पत्र आलं?"

पर्सची चेन मी उघडलेली होती. मी म्हटलं, "आलं. पण ते मला आलंय, पुस्तकाला न्हाय." आणि चेन लावली.

त्या क्षणी फार मोठा विचार केला असं नाही. एवढंच वाटलं की ती सही हातातून हातात जाईल, छापली जाईल, आणि मग एक दिवस कुणीतरी हुशार पोरगं तो हललेला फोटो मोठा करून बघेल, त्याला गळ्याखालची चंद्रकोर दिसेल, आणि ते म्हणेल की अक्काताई मगदूम खोटं बोलल्या. माझ्याबद्दल म्हणालं तर म्हणू दे. तुझ्याबद्दल कुणी असं म्हटलेलं मला चालणार नाही. अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस आहे ज्याच्या हजेरीपत्रकावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते, आणि ते माझ्यामुळे बिघडणार होतं.

मग ऐश्वर्याला सगळं सांगितलं. शुक्रवार, चिंच, फेटा, माईक, एसटी. शेवटी ती म्हणाली की उद्या सभागृहात सगळ्या नोंदींचं वाचन आहे, तिथं सांगाल का. मी म्हटलं, मी सांगणारच आहे, तू परवानगी दे अगर देऊ नकोस.

काल हॉल भरलेला होता. दीडशे तरी माणसं, लेन्सवाली पोरं, तालुक्यातून आलेले शिक्षक, त्या सत्काराला हजर असलेली दोन-तीन पांढरी डोकीही. निसार पहिल्या रांगेत. चौसष्ट क्रमांकाचं नाव आलं तेव्हा मी उठून माईक घेतला. लांबवलं नाही. म्हटलं, ही नोंद माझी आहे आणि चुकीची आहे. तो पांढरा धोबी होता, त्या वर्षी जन्मलेला, जत्रेच्या मैदानात किडे टिपत फिरला आणि त्याच्या डोक्यावर भंडारा बसला. अशी चूक आपल्याच जिल्ह्यात होऊ शकते. हॉल हसला. मी थांबून त्यांना हसू दिलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मलाही हसू आलं.

मग म्हटलं, चूक बुधवारी झाली. ती शुक्रवारी मला कळली. रविवारी मी फेटा बांधून घेतला, आणि ती चूक नव्हती, ते खोटं होतं. तेव्हा कुणी हसलं नाही. निसारनी मान खाली घातली. ते मी बघितलं आणि पुढं बोलले, कारण तिथं थांबले असते तर पुन्हा कधी उभी राहिले नसते.

म्हटलं, त्या दिवशी स्टेजवर आम्ही सातजण बसलो होतो. सहाजण शाल, नारळ आणि फोटो बघत होते. एकटीनं पक्षी बघितला होता. त्यांचं नाव अक्काताई मगदूम. मीच त्यांच्या हातात माईक देऊन खोटं बोलायला सांगितलं. त्यांनी बावीस वर्षांची मैत्रीण जाऊ दिली, पण धोब्याचं नाव बदललं नाही. तुम्ही आज याद्या करताय, तुमच्याकडे लाखाच्या लेन्स आहेत, फार चांगलं आहे. पण अशी एक बाई आपल्याला लाभली होती, आणि तिच्या शेजारी मी एकोणीस हिवाळे उभी होते, याचा मला अभिमान आहे.

आधी एकटी ऐश्वर्या टाळ्या वाजवत होती. मग सगळे उठले. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या, हे मला नीट कळत होतं, आणि तरी फेट्याच्या दिवशी वाटलं नव्हतं तेवढं काल वाटलं. तू तिथं नव्हतीस म्हणून तुझ्या वाटणीचंही मीच ताठ मानेनं घेतलं. खाली आल्यावर निसारनी खिशातला रुमाल काढून दिला आणि बाहेर जाऊन गाडी दारापर्यंत आणली.

पुस्तकात शेवटी चुकलेल्या ओळखींचं एक पान असणार आहे. ऐश्वर्या म्हणते, नव्या पोरांना पहिल्या पानापेक्षा तेच जास्त कामाचं. त्यात सुरुवातीलाच छापलं जाईल: पांढरा धोबी, भंडाऱ्यानं पिवळा झालेला, पट्टणकोडोली, बरोबर ओळख अक्काताई मगदूम. चूक कुणाची हेही लिहायला मी सांगितलंय, पूर्ण नावानिशी. काळ्या करकोच्याची नोंद मात्र लागली नाही. नाही तर नाही, मी पाहिलाय.

तुझा कागद फाडला. तुकडे याच पाकिटात घातलेत, मी तो कुठं दडवून ठेवला असं तुला वाटायला नको.

येत्या शनिवारी सकाळी मी बेळगावला येते. माफी कागदावर लिहायची म्हणून चार वेळा बसले, चारही वेळा वाक्य असं आलं की त्यात माझीच बाजू निघाली. तेव्हा ती तोंडानं मागते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तरी मी जिन्यावर बसून मागेन, शेजारी ऐकले तर ऐकू देत. आजवर मी कुणाच्या दारात माफी मागायला गेलेली नाही. पहिल्यांदाच येते आहे, नीट जमलं नाही तर समजून घे.

तुझी
मेहमुदा